चकती, स्ट्रीमिंग आणि दहा बाय दहाची खोली

मराठवाड्यातील बहुतेक घरांत गाणे ऐकण्याची वाट कॅसेटपासून निघाली, काही वर्षे सीडीवर रेंगाळली आणि मग थेट मोबाइलवर आली. सुपर ऑडिओ सीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा केवळ संगीतासाठी काढलेली ब्लू-रे या हाय-रिझोल्यूशन चकत्या या वाटेवर क्वचितच भेटल्या. आता मात्र या चकत्यांच्या वेष्टनावर छापले जाणारे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ हे आकडे स्ट्रीमिंग सेवांच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचले आहेत. त्यामुळे लातूर-नांदेडकडचा एखादा रसिक चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेतो, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बाहेरून महागडी चकती मागवावी की महिन्याची वर्गणी भरावी, आणि आवाज कशाचा चांगला? माझे मत असे की हा प्रश्न विचारताना आपण भलत्याच आकड्याकडे पाहत असतो. सीडीची पातळी एकदा गाठली की त्यापुढचे आकडे कानाला फारसे काही देत नाहीत. घरात जो फरक खरोखर ऐकू येतो तो ध्वनिमुद्रणावर नंतर झालेल्या संस्कारातून, आवाजाच्या पातळीतून आणि खोलीतून येतो.

सुरुवात सीडीपासूनच करावी लागते, कारण तीच मोजमापाची पायरी आहे. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तीत दर सेकंदाला ध्वनिलहरीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदलेला असतो. डावी-उजवी बाजू धरून हा प्रवाह सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट इतका होतो. नमुने म्हणजे लहरीचे तुटक ठिपके, मग दोन ठिपक्यांमधला आवाज हरवत असणार आणि ठिपके वाढवले की तो परत मिळत असणार, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्धतेसह पूर्ण केलेल्या विचारानुसार, ध्वनीतील सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या सर्व ठिपक्यांतून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी लहर एकच असते. डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारे परिपथ, ज्याला सगळे डीएसी म्हणतात, तीच लहर पुन्हा उभी करते. स्पीकरकडे पायऱ्यापायऱ्यांचा आकार जात नाही. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना १२ ते १४ किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते. म्हणजे ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ नमुनादराने जे अधिकचे साठवले जाते, ते प्रामुख्याने कानाच्या हद्दीपलीकडचे असते.

बिटांची गोष्ट वेगळी आहे. बिट जितके जास्त, तितका ध्वनीच्या तळाशी राहणारा खरखराट खाली जातो. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आवाजापासून या तळापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल मिळते. कागदावर असे म्हणण्याचे कारण म्हणजे इलेक्ट्रॉनिक घटकांतील उष्णतेमुळे निर्माण होणारा खरखराट कोणालाच टाळता येत नाही आणि उत्तम यंत्रणाही १२० डेसिबलच्या आसपास येऊन थांबतात. त्यातही आपली खोली बघा. एप्रिल-मेच्या दिवसांत परभणीत किंवा जालन्यात दुपारी गाणे ऐकायचे, तर पंखा पूर्ण वेगात असतो आणि बहुतेक वेळा खिडकीत कूलरही घरघरत असतो. पंख्याचा आवाज ४५ डेसिबलच्या आगेमागे आणि कूलरचा ६० च्या जवळपास धरला, आणि गाण्याचा सर्वांत मोठा क्षण ९० डेसिबलवर ठेवला, तर कूलर चालू असताना हातात उरते जेमतेम ३० डेसिबलची जागा. कान गोंगाटाच्या आतलेही थोडेफार वेचू शकतो हे खरे. पण म्हणून सीडीचे ९६ डेसिबल अपुरे पडतात असे होत नाही. एकेकाळी घराघरांत असलेली साधी कॅसेट ५० डेसिबलच्या आसपास होती, आणि तिच्यावरचे गाणे आपण मन लावून ऐकत होतो.

१९९९ मध्ये आलेल्या सुपर ऑडिओ सीडीने वेगळाच मार्ग घेतला. तीत नमुना एकाच बिटाचा असतो, मात्र तो सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा घेतला जातो. एका बिटाचा खरखराट अर्थातच प्रचंड असतो; गणिती युक्तीने तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून उचलून २० किलोहर्ट्झच्या वर ढकलला जातो. म्हणजे या चकतीवर कानापलीकडे जे भरपूर काही असते, त्यातला बराचसा भाग हा ढकललेला खरखराटच असतो. झांजेच्या कडेवरचा आघात २० किलोहर्ट्झच्याही वर जातो, हे मोजून पाहता येते. पण तो भाग कानाला ऐकू येतो असे त्यावरून सिद्ध होत नाही.

ऐकू येतो का, याची पाहणी झाली आहे. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपला प्रयोग मांडला. त्यांनी सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ वाजवताना मधेच एक यंत्र घातले, जे त्या आवाजाचे सीडीच्या १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर करून पुढे पाठवत होते. यंत्र केव्हा जोडले आहे आणि केव्हा नाही, हे श्रोत्यांना ओळखायचे होते. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे आली ४९.८ टक्के, म्हणजे नाणे उडवून जेवढी आली असती तेवढीच. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांतील १२ हजारांहून अधिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. आधी प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या थोडे वर गेले. तेव्हा फरक अजिबात नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल, परंतु तो आहे असे धरले तरी कान लावून, सराव करून, शांत खोलीत बसल्यावर अधूनमधून सापडण्याइतका सूक्ष्म आहे.

मेयर आणि मोरान यांच्या लेखात आणखी एक निरीक्षण आहे आणि मला ते मुख्य निष्कर्षाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी वापरलेल्या जवळजवळ सर्व हाय-रिझोल्यूशन चकत्यांचा आवाज बाजारातल्या सर्वसाधारण सीडीपेक्षा चांगला होता. आणि तो सीडीच्या साच्यातून काढल्यावरही तितकाच चांगला राहत होता. कारण या चकत्या दर्दी श्रोत्यांसाठी असल्याने त्यांच्या मास्टरिंगवर, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या हातावर, अधिक काळजी घेतलेली होती. नव्वदच्या दशकापासून लोकप्रिय संगीताच्या सीडी शक्य तितक्या मोठ्या आवाजात भरण्याची चढाओढ लागली होती. त्यासाठी हळू आवाज वर उचलायचा आणि उंच शिखरे छाटायची. असे केलेल्या गाण्यात ढोलकीची थाप आणि गायिकेचा श्वास जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि थोड्या वेळाने कान शिणतो. हा दोष १६ बिटांचा नव्हे, तो निर्णय घेणाऱ्या माणसांचा आहे. म्हणून चकती विकत घेताना आकड्यांपेक्षा ती कोणत्या मूळ फितीवरून आणि केव्हा पुन्हा तयार केली आहे, हे आधी पाहावे. पन्नास-साठच्या दशकातील गाण्याची मूळ चुंबकीय फीत ६० ते ७० डेसिबलच्या पलीकडे सहसा जात नाही. ती १९२ किलोहर्ट्झमध्ये उतरवली तर फितीचा खरखराट तेवढ्या अचूकतेने जतन होतो, इतकेच.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे, कारण अनेकांची फसगत तिथे होते. बहुतेक सुपर ऑडिओ सीडी दोन थरांच्या असतात: एक थर साध्या सीडीचा आणि त्याच्या आत दुसरा उच्च घनतेचा. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो आणि उच्च घनतेच्या थरासाठी ६५० नॅनोमीटरचा लागतो. घरातल्या साध्या सीडी प्लेअरमध्ये ही चकती वाजते खरी, पण त्याला फक्त सीडीचाच थर कळतो. शिवाय दोन्ही थरांवरचे मास्टरिंग एकच असेल याची खात्री नसते, त्यामुळे योग्य प्लेअर असला तरी एकाच चकतीच्या दोन थरांची तुलना करून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही.

आता स्ट्रीमिंग. येथे दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच नावाखाली येतात. पहिली म्हणजे माहिती गाळून केलेले संकोचन: एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या कंप्रतेवरील लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, या ध्वनिमानसशास्त्रातील तत्त्वावर ते उभे आहे. जे ऐकू येणार नाही ते कमी अचूकतेने साठवले की फाईल लहान होते. सेकंदाला २५६ किंवा ३२० किलोबिटांवर हे काम इतके चोख होते की मूळ सीडीपासून ते वेगळे ओळखणे सरावलेल्या कानालाही कठीण जाते. १२८ किलोबिटांवर मात्र चुका उघड्या पडतात, आणि त्या पकडण्यासाठी आपल्याकडच्या टाळाइतके चांगले साधन दुसरे नाही. एमपी३ आवाजाचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे घेऊन त्यांचे गणित करते. शांततेत टाळ वाजला की त्या तुकड्याचा पहिला भाग रिकामा असतो आणि शेवटी एकाएकी तीक्ष्ण आघात येतो. गाळणीमुळे झालेली चूक मात्र संपूर्ण तुकड्यावर सारखी पसरते; त्यामुळे आघाताच्या आधीच्या शांततेत एक बारीक फुसकारा उमटतो. आघातानंतरचा फुसकारा टाळाच्या नादात दडतो, आघाताआधीचा दडत नाही, कारण मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकला जाण्याचा हा परिणाम मागच्या दिशेने जेमतेम काही मिलिसेकंदच पुरतो. फाईल लहान करणारा एन्कोडर अशा वेळी तुकडे लहान करून चूक आवरतो, पण बिट कमी असतील तर त्याचे हात बांधलेले असतात. वारकरी भजनाच्या एखाद्या जुन्या, कमी बिटांच्या फाईलमध्ये टाळांचा खणखणाट ऐकण्याऐवजी पाणी सळसळल्यासारखा आवाज येतो, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे लॉसलेस स्ट्रीमिंग. त्यात फाईल लहान केलेली असते, पण उघडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात. अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये आणि अ‍ॅपलने २०२१ मध्ये ही सोय सुरू केली. स्पॉटिफायने २०२५ मध्ये. इंटरनेटवरून येताना आवाज पातळ होतो, बिट गळतात, असे अनेकजण सांगतात. तसे होत नाही. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. तो आला नाही तर गाणे थांबते. पातळ आवाज येण्याचे कारण वेगळे आहे: अ‍ॅपमधील गुणवत्तेची निवड ‘ऑटो’वर असते आणि नेटवर्क क्षीण झाले की अ‍ॅप न सांगता कमी बिटांच्या फाईलवर उतरते. खेड्यात, जिथे गच्चीवर गेल्याशिवाय धड रेंज मिळत नाही, तिथे हे रोजचेच आहे. त्यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये गुणवत्ता पक्की करावी आणि गाणी रात्री डाउनलोड करून ठेवावीत. हिशेबही लक्षात असू द्यावा. ३२० किलोबिटांनी तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, सीडीच्या दर्जाला संकोचनापूर्वी ६३५ एमबी, आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झला चार जीबीहून अधिक. लॉसलेस संकोचनाने हा भार साधारण निम्म्यावर येतो, तरीही रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये शेवटचा पर्याय तासाभरातच संपतो, आणि त्या बदल्यात मिळते ते कानापलीकडचे.

त्यात ब्लूटूथची भर पडते. सर्व उपकरणांत असणारी एसबीसी ही पद्धत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट वाहून नेते. त्याहून वरची एलडॅक ९९० पर्यंत जाते. सीडीला १४११ लागतात. म्हणजे हाय-रिझोल्यूशनची वर्गणी भरून ब्लूटूथ स्पीकरवर गाणे ऐकणारा श्रोता शेवटी गाळलेलाच आवाज ऐकत असतो, आणि तो वाईट असतो असेही नाही. आपल्या लॉसलेस सेवेचे ब्लूटूथवर तसेच प्रसारण होत नाही आणि ४८ किलोहर्ट्झच्या वरचे ऐकायचे तर बाहेरचा डीएसी जोडावा लागतो, हे अ‍ॅपलने स्वतःच ग्राहकांना सांगून ठेवले आहे.

चकती आणि स्ट्रीमिंग यांची घरी केलेली तुलना बहुतेक वेळा ज्या एका कारणाने निकामी ठरते, ते म्हणजे आवाजाची पातळी. दोन सारख्याच ध्वनींपैकी एक अर्ध्या डेसिबलने मोठा असला, तर तो मोठा आहे असे जाणवत नाही. तो अधिक भरदार, अधिक स्वच्छ वाटतो. कानाची कमी-जास्त कंप्रतांसाठीची संवेदनशीलता पातळीनुसार बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. स्ट्रीमिंग सेवा सर्व गाणी एका ठरावीक पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या जोराचे एकक) आहे, अ‍ॅपलची उणे १६. चकतीवर असे काही होत नाही. त्यामुळे चकती घातली आणि आवाज खुलला असे वाटले, तर आधी पातळी मोजावी.

तुलना नीट करायची असेल तर दोन चकत्या किंवा दोन सेवा समोरासमोर ठेवून काही हाती लागत नाही, कारण मास्टरिंग वेगळे असू शकते. हाय-रिझोल्यूशनची एकच फाईल घ्यावी, ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तिची १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची प्रत काढावी आणि ती पुन्हा मूळ नमुनादरावर नेऊन ठेवावी, म्हणजे वाजवताना नमुनादर बदलल्यावर डीएसीतून येणारा आवाज गुपित फोडणार नाही. मग फूबार २००० या प्लेअर सॉफ्टवेअरमधील, न पाहता ओळखण्याची चाचणी घेणाऱ्या एबीएक्स या सोयीने, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून न सांगता अदलाबदल करून घेत, १६ वेळा ओळखून पाहावे. १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर आले तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. त्यापेक्षा कमी आले तर पुढचा पैसा दुसरीकडे लावावा.

ती दुसरी जागा म्हणजे खोली. मराठवाड्यातील दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची, शहाबादी फरशीची, गिलावा केलेल्या भिंतींची आणि वर स्लॅब असलेली रिकामी खोली घ्या. तिचे घनफळ सुमारे २८ घनमीटर आणि आतला एकूण पृष्ठभाग ५६ चौरस मीटर. असे कठीण पृष्ठभाग आपल्यावर आलेल्या आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतात. हार्वर्डमधील वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्राने हिशेब केला, तर तेथे आवाज ६० डेसिबलने विरायला अडीच सेकंदांहून अधिक काळ लागतो. सॅबाइन यांनी हे सूत्र १८९५ नंतरच्या काही वर्षांत, नाट्यगृहातील गाद्या रात्री विद्यापीठाच्या एका सभागृहात वाहून नेऊन आणि प्रत्येक वेळी आवाज विरण्याचा काळ मोजून शोधले होते. आपल्या खोलीत गादी, दोन गोधड्या, जाड पडदा आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आले की हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. तानपुऱ्याच्या जव्हारीतील एकेक स्वरांश सुटा ऐकू येणे किंवा सगळे एकमेकांत मिसळून जाणे, हा फरक इथे ठरतो. १६ आणि २४ बिटांमधल्या फरकाहून तो कितीतरी पट मोठा असतो.

खर्जाच्या बाबतीत चौरस खोली आणखी त्रास देते. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झची उभी लहर तयार होते आणि तिच्या पटीत ११२ हर्ट्झची. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असल्याने तिन्ही दिशांच्या लहरी एकाच ठिकाणी साचतात. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाच्या डाव्या पुडीचा आवाज याच पट्ट्यात असतो. भिंतीला टेकून बसले तर ठेका फुगतो. खोलीच्या बरोबर मध्ये बसले तर ५६ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. बसण्याची जागा दोन फूट पुढेमागे करून पाहायला काहीच खर्च नाही. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर चांगले तार जोडलेले हेडफोन खोलीला पूर्णपणे वगळतात.

२४ बिटांचा खरा उपयोग मग कुठे? ध्वनिमुद्रणात. तुळजापूरच्या परिसरात गोंधळ रंगतो, तेव्हा तुणतुण्याच्या साथीने चाललेल्या हळू कथनातून संबळ केव्हा कडाडेल हे मुद्रण करणाऱ्याला आधी माहीत नसते. मोबाइलवरील आपोआप पातळी राखणारी सोय अशा वेळी संबळाला दाबते आणि नंतरच्या शांततेत गर्दीचा गलबला वर उचलते. एकदा असे झाले की ते पुन्हा सुधारता येत नाही. साधा हातातला रेकॉर्डर २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर ठेवून, आपोआप पातळी बंद करून, सर्वांत मोठा आघात उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली, आसपास येईल अशी जागा सोडली, तर संबळ छाटला जात नाही आणि तुणतुणेही खरखराटात बुडत नाही. पैठणच्या भारुडांपासून गावोगावच्या गोंधळापर्यंत जे अजून कोणी नीट मुद्रित केलेले नाही, त्याच्यासाठी ही काळजी घेतली पाहिजे. नंतर ते सीडीवर द्या किंवा ३२० किलोबिटांवर, ऐकणाऱ्याचे काही अडत नाही. फक्त मूळ २४ बिटांची फाईल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.